बीपी नॉर्मल असताना ‘बीपीची गोळी’ घ्यावी का?

पत्राचा गोषवारा : 36 वर्षांच्या एका वाचक भगिनींना बऱ्याच वर्षांपासून अर्धशिशी आहे. महिन्यातले पाच-सहा दिवस अंधाऱ्या खोलीत पडून जातात. डॉक्टरांनी झटके कमी व्हावेत म्हणून प्रोप्रॅनोलॉल लिहून दिलं, सुरुवातीला रोज 40 मिलिग्रॅम. त्यांनी गोळ्या आणल्या, आतला कागद उघडला, त्यात ‘उच्च रक्तदाबासाठी’ हे शब्द दिसले आणि पाकीट तसंच कपाटात गेलं. कारण त्यांचं बीपी मुळातच 108/70 च्या आसपास असतं. थोरल्या भावाचं म्हणणं वेगळं होतं. त्याचं बीपी 118/76. पण वडिलांना चाळिशीतच बीपी लागलं, म्हणून ‘आधीपासून काळजी घेतलेली बरी’ असं ठरवून तो वडिलांच्या लोसार्टानची अर्धी गोळी कोणालाही न विचारता घेत होता. रोज मोजत होता आणि फरक दिसायचा तो दोन-चार अंकांचा. ‘चांगल्या माणसाला या गोळ्या काही करत नाहीत, तू बिनधास्त घे,’ असं तो म्हणायचा. मग त्याला ताप आणि जुलाब झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे पलंगावरून उठताना तो कोसळला. त्या वेळी बीपी भरलं 84/50. भगिनी विचारतात : दादा आधी सांगत होता ते खरं मानू, की नंतर जे झालं ते? आणि माझ्या गोळ्यांचं काय करू?

नमस्कार.

आधी दादाबद्दल बोलते, कारण त्याच्या बाबतीत काही गोष्टी आजच करायच्या आहेत. त्याने लोसार्टान अजून थांबवलं नसेल तर थांबवायला सांगा. त्याला बीपी नाही आणि ते औषध त्याला कोणी दिलेलंही नाही, त्यामुळे थांबवण्यात धोका नाही. कोसळल्यानंतर त्याच्या रक्ताची तपासणी झाली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम या दोन तपासण्या करून घ्या आणि डॉक्टरांना खरं सांगा की तो वडिलांची गोळी घेत होता. ही गोष्ट लपवली तर डॉक्टर चक्कर येण्याची कारणं भलतीकडेच शोधत बसतील. तापासाठी त्याने आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेतली होती का, तेही सांगा. शरीरातलं पाणी कमी झालेलं, त्यात लोसार्टान आणि वर अशी वेदनाशामक गोळी, हे तिन्ही एकत्र आलं की मूत्रपिंडावर ताण येतो.

आता तुमचा प्रश्न. दादाचे दोन्ही अनुभव खरे आहेत, आणि दोन्हींचं कारण एकच आहे. तेवढं समजलं की तुमच्या गोळीची भीती बरीचशी जाईल. जी थोडी उरेल ती मात्र योग्य जागी असेल.

शरीरातली संप्रेरकं आणि मज्जातंतूंतून सुटणारी रसायनं पेशींना सतत निरोप देत असतात. रिसेप्टर म्हणजे हे निरोप ऐकणारे पेशींचे कान. तुमची गोळी आणि दादाने घेतलेली गोळी, दोन्ही या कानांत बोळे घालणाऱ्या आहेत. प्रोप्रॅनोलॉल ॲड्रिनलिनचा निरोप ऐकणारे बीटा रिसेप्टर अडवतं, तर लोसार्टान अँजिओटेन्सिन या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाचा निरोप ऐकणारे रिसेप्टर. बोळा स्वतः काही बोलत नाही. तो फक्त ऐकू येऊ देत नाही. म्हणून अशा औषधाने बीपी किती उतरेल हे गोळीच्या ताकदीवर ठरतं तितकंच त्या घडीला निरोप किती मोठ्याने दिला जात होता यावरही ठरतं. कोणी कुजबुजतही नसेल तर बोळा घातला काय आणि काढला काय, फारसा फरक पडत नाही.

दादाकडे बघा. नीट खाणारा-पिणारा, धडधाकट माणूस खुर्चीत बसून बीपी मोजतो तेव्हा त्याच्या शरीरात मीठ आणि पाणी पुरेसं असतं. अशा वेळी मूत्रपिंडं रेनिन कमी सोडतात, त्यामुळे अँजिओटेन्सिनही कमी तयार होतं. रक्तदाब टिकवण्याच्या कामात त्याचा वाटा तेव्हा छोटा असतो. मग लोसार्टानने दोन-चार अंकच उतरणार. पण जुलाबांनी पाणी आणि मीठ निघून जातं तेव्हा चित्र पालटतं. रेनिन भराभर वाढतं, अँजिओटेन्सिन वाढतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि कमी झालेल्या रक्तातही दाब टिकून राहतो. त्या पहाटे दादाचं शरीर हा निरोप ओरडून देत होतं आणि तो ऐकणारे कान नेमके बंद होते. तीच अर्धी गोळी, तोच माणूस आणि बीपी 84.

हे काही नव्याने कळलेलं नाही. 1970 च्या दशकात अँजिओटेन्सिन अडवणारी सॅरालॅसिन नावाची सुरुवातीची सुई निरोगी लोकांना देऊन पाहिली गेली. शरीरात मीठ नेहमीइतकं असलेल्या, आडव्या झोपलेल्या माणसांचं बीपी तिने जवळपास उतरलंच नाही. ज्यांच्या शरीरातलं मीठ आधी मुद्दाम कमी केलं होतं त्यांचं मात्र उतरलं. लोसार्टान बाजारात आलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1995 मध्ये, पण नियम तोच लागू आहे.

तेव्हा ‘चांगल्या माणसाला या गोळ्या काही करत नाहीत’ हे दादाचं वाक्य मला मान्य नाही. आणि ‘चांगल्या माणसाला या गोळ्या पाडतात’ हे तुमच्या मनात आता बसलेलं वाक्यही तितकंच अपुरं आहे. दोन्ही वाक्यांनी ‘निरोगी’ ही एक कायमची अवस्था धरली आहे. प्रत्यक्षात निरोगी माणूस दिवसातून कितीदा तरी बदलतो. झोपलेला, उभा राहिलेला, जिना चढणारा, उन्हातून घामाघूम होऊन आलेला, पोट बिघडलेला अशी त्याची रूपं असतात आणि प्रत्येक वेळी रक्तदाब सांभाळणारे निरोप वेगळे असतात. दादाने रोज मोजलं, पण दर वेळी बसून, आरामात मोजलं. म्हणजे गोळीची परीक्षा त्याने सगळ्यात सोप्या वेळीच घेतली.

आता प्रोप्रॅनोलॉल.

तुम्ही शांत बसलेल्या असता तेव्हा हृदयाचा वेग मुख्यतः व्हेगस नावाचा मज्जातंतू ठरवतो आणि तो हृदयाला संथ ठेवतो. ॲड्रिनलिनच्या बाजूचा आवाज त्या वेळी मंद असतो. प्रोप्रॅनोलॉल घेतलं की बसल्या जागी नाडी थोडी उतरते, समजा 74 ची 64 होते, आणि हृदयातून बाहेर पडणारं रक्तही काहीसं कमी होतं. आता दाब पडायला हवा ना? पण मानेतल्या मोठ्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब जोखणाऱ्या चेतातंतूंना हा बदल काही क्षणांत कळतो आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या थोड्या आवळल्या जातात. रक्त कमी पण वाट अरुंद, म्हणून दाब जवळपास तिथल्या तिथे. हातपाय गार पडतात ही या गोळीची नेहमीची तक्रार. तिच्यामागे हेही एक कारण आहे.

औषधशास्त्राच्या पुस्तकांत हे वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे : बीटा ब्लॉकर, म्हणजे प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा रिसेप्टर अडवणारी औषधं, उच्च रक्तदाब असलेल्यांचं बीपी उतरवतात, नॉर्मल असलेल्यांचं साधारणपणे फारसं उतरवत नाहीत. तुमचं 108/70 चं 102/66 होऊ शकतं. कदाचित काहीच होणार नाही. हे आकडे मी अंदाज यावा म्हणून सांगते आहे. प्रोप्रॅनोलॉलचा बराच मोठा भाग यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकतं आणि हे मोडणं माणसागणिक खूप वेगळं असतं. त्यामुळे एकाच डोसने दोघांच्या रक्तात उतरणारं औषध कितीतरी कमी-जास्त असतं. म्हणूनच डॉक्टर लहान डोसने सुरुवात करतात.

फरक जाणवेल तो श्रमाच्या वेळी. धावताना, घाईने जिना चढताना ॲड्रिनलिनचा निरोप खरोखर मोठा होतो आणि गोळी तिथे पुरी ताकद दाखवते. एरवी जोरात पळताना ठोके 170 वर जात असतील तर ते 130-140 पाशीच अडतील, वरचं बीपी नेहमीइतकं चढणार नाही आणि पाय लवकर जड होतील. घड्याळातले ठोके बघून व्यायाम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. जुने आकडे गाठायला जाऊन स्वतःला दमवू नये. बोलता बोलता करता येईल इतपत श्रम, हे माप या काळात जास्त विश्वासाचं.

कागदावरच्या ‘उच्च रक्तदाबासाठी’ या शब्दांनी तुम्ही घाबरलात, ते साहजिक आहे. पण या औषधाची जन्मकथा ऐका. ॲड्रिनलिनसारखी रसायनं दोन जातींच्या रिसेप्टरवर काम करतात, अल्फा आणि बीटा, हे रेमंड आल्क्विस्ट यांनी 1948 मध्ये मांडलं. त्यावरून जेम्स ब्लॅक यांना सुचलं की बीटा अडवले तर हृदयाला प्राणवायू कमी लागेल आणि हृदयविकाराची छातीदुखी थांबेल. प्रोप्रॅनोलॉल तयार झालं ते त्यासाठी. बीपीसाठी ते उपयोगी आहे हे ब्रायन प्रिचर्ड यांनी 1964 मध्ये दाखवलं, म्हणजे हा उपयोग नंतर सापडला. 1966 मध्ये छातीदुखीसाठी ते घेणाऱ्या रुग्णाची अर्धशिशी कमी झाल्याचं लक्षात आलं, तोही असाच नंतरचा शोध. पुढे 1988 मध्ये ब्लॅक यांना नोबेल मिळालं. आज नुसतं बीपी वाढलेलं असेल, दुसरा काही आजार नसेल, तर अनेक मार्गदर्शक सूचनांत बीटा ब्लॉकर ही पहिली पसंती राहिलेली नाही. अर्धशिशी रोखण्यासाठी मात्र प्रोप्रॅनोलॉलचं स्थान पक्कं आहे, आणि तो गुण बीपी उतरल्यामुळे येतो असं नाही. तेव्हा ‘माझं बीपी कमी, मग मला ही गोळी कशाला’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवू.

उलट एक गोष्ट सांगते जी ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. समजा तुम्ही डॉक्टरांना म्हणालात की मला बीपीची गोळी नको, दुसरं काही द्या, आणि त्यांनी ॲमिट्रिप्टिलीन दिलं. तेही अर्धशिशीसाठी वापरतात. त्याच्या कागदावर ‘उच्च रक्तदाबासाठी’ असं कुठेही लिहिलेलं नसतं. पण ते अल्फा रिसेप्टर अडवतं आणि त्यामुळे काही जणांना उठून उभं राहताना चक्कर येते. अर्धशिशीसाठी डोस लहान असतो, म्हणून हा त्रास बहुधा सौम्यच राहतो. तरी बीपीच्या नावाला भिऊन जे टाळलं, तेच बिननावाच्या गोळीतून आलं असं होऊ शकतं.

अल्फा रिसेप्टरांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण या सदराचे ज्येष्ठ वाचक ते अडवणाऱ्या गोळ्या, म्हणजे अल्फा ब्लॉकर, जास्त घेतात. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. ते तिथेच राहिलं तर मेंदूला रक्त कमी पडेल. म्हणून त्याच क्षणी नॉरॲड्रिनलिन सुटतं, अल्फा रिसेप्टर ते ऐकतात आणि पायांतल्या व पोटातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. झोपलेल्या निरोगी माणसाला हा निरोप फारसा लागतच नाही, त्यामुळे अल्फा ब्लॉकर घेऊन तो झोपून राहिला तर बीपी जेमतेम हलतं. उभा राहिला की मात्र धाडकन उतरू शकतं. प्राझोसिन या अल्फा ब्लॉकरच्या पहिल्याच गोळीनंतर, साधारण अर्ध्या ते दीड तासात, माणसं उभ्या उभ्या बेशुद्ध पडल्याच्या नोंदी आहेत. म्हणून पहिली गोळी अगदी लहान डोसची आणि झोपायच्या वेळी देतात. प्रोस्टेटसाठी दिलं जाणारं टॅम्सुलोसिन त्या भागातल्या रिसेप्टरांवर जास्त बेतलेलं आहे, त्यामुळे बीपीला तितकंसं लागत नाही. तरी रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसावं. लैंगिक दुर्बलतेसाठीच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांबरोबर कोणताही अल्फा ब्लॉकर डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर टॅम्सुलोसिन चालू असल्याचं डोळ्यांच्या सर्जनना आधी सांगावं. ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी राहत नाही आणि त्यांना वेगळी तयारी करावी लागते.

तुमच्या निर्णयाकडे येते. तुमच्यापुढे मला तीन वाटा दिसतात. काहीच न घेता झटका आला की त्यापुरती गोळी घेत राहायचं. दुसरं प्रतिबंधक औषध मागायचं. किंवा प्रोप्रॅनोलॉल सुरू करायचं. पहिली वाट मला पसंत नाही. महिन्यातले पाच-सहा दिवस अंधारात काढणं हा काही छोटा त्रास नाही, आणि झटक्याच्या गोळ्या वारंवार घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोकेदुखी वाढत जाते. दुसरी वाट खुली आहे, पण ती बीपीच्या भीतीपोटी धरू नका. धरायची तर खऱ्या अडचणींसाठी धरा.

खऱ्या अडचणी कोणत्या, ते सांगते. तुम्हाला दमा आहे का, किंवा लहानपणी होता का? असेल तर प्रोप्रॅनोलॉल घ्यायचं नाही. श्वासनलिका मोकळ्या ठेवणारे बीटा रिसेप्टरही ते अडवतं आणि दम्याचा जीवघेणा झटका येऊ शकतो. 108/70 पेक्षा हा प्रश्न कितीतरी मोठा आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. नाडी मुळातच 60 च्या खाली असते का, किंवा ईसीजीत हृदयाच्या आतल्या वहनात अडथळा सांगितलाय का? इन्शुलिन घेता का? साखर घसरल्याची धडधड या गोळीने झाकली जाते, घाम तेवढा येतो. गर्भधारणेचा विचार आहे का? आणि कशाची तीव्र ॲलर्जी आहे का, जिच्यासाठी ॲड्रिनलिनचं इंजेक्शन जवळ ठेवावं लागतं?

या शेवटच्या प्रश्नामागे एक महत्त्वाची गोष्ट आहे. ॲड्रिनलिन अल्फाला रक्तवाहिन्या आवळायला सांगतं आणि काही बीटांना त्या सैल करायला. प्रोप्रॅनोलॉलने बीटा बंद केले की फक्त आवळण्याचा निरोप उरतो. अशा माणसाला बाहेरून ॲड्रिनलिन दिलं तर बीपी एकदम वर जाऊ शकतं आणि ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्यात जो गुण यायला हवा तो पुरता येत नाही. म्हणजे रिसेप्टर अडवणाऱ्या औषधाने बीपी चढूही शकतं. दातांच्या डॉक्टरांकडे भूल घ्यायची वेळ आली तर तुम्ही प्रोप्रॅनोलॉल घेता हे सांगायचं, ते यासाठी. त्या भुलीत बरेचदा थोडं ॲड्रिनलिन मिसळलेलं असतं.

आणखी एक. झटका आल्यावर तुम्ही रिझाट्रिप्टान घेत असाल तर प्रोप्रॅनोलॉलमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढतं. डॉक्टरांना सांगा, ते रिझाट्रिप्टानचा डोस कमी करतील.

वरच्या प्रश्नांची उत्तरं समाधानकारक असतील तर माझं स्पष्ट मत आहे की तुम्ही ही गोळी सुरू करावी. सुरू करण्यापूर्वी दोन-तीन दिवस स्वतःचं मूळ बीपी नीट मोजून लिहून ठेवा. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि एकमेकांवर न टाकलेले, दंड हृदयाच्या उंचीवर टेकवलेला, लघवीला जाऊन आलेलं, आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी नाही. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, लहान पट्ट्यावर आकडा जास्त येतो. एक-एक मिनिटाने दोनदा मोजा. आणि जे दादाने कधीच केलं नाही ते करा : पाच मिनिटं आडवं पडून मोजा, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर ती नोंद डॉक्टरांना दाखवायची. गोळी सुरू झाल्यावर पहिले दोन आठवडे दिवसातून एकदा असं आडवं-उभं मोजलं तरी पुरे. तासातासाला मोजू नका. मोजण्याच्या धास्तीनेच आकडे खालीवर होतात.

पहिली गोळी घरी असताना, संध्याकाळी घ्या. त्या दिवशी लांबचं वाहन चालवायचं ठेवू नका. वरचा आकडा 98 आला आणि तुम्ही ठणठणीत आहात, तर काळजीचं कारण नाही. 90 च्या खाली आला आणि डोळ्यांपुढे अंधारी येतेय, किंवा नाडी 50 च्या खाली जातेय, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. बेशुद्ध पडलात, छातीत घरघर झाली किंवा श्वास लागला तर फोनवर थांबू नका, थेट दवाखान्यात जा. थकवा, गार हात, चित्रविचित्र स्वप्नं हे त्रास पहिल्या काही आठवड्यांत होऊ शकतात. सहन होण्यासारखे असतील तर थोडी वाट पाहा.

जुलाब, उलट्या, कडक ताप आला तर काय करायचं, हे डॉक्टरांना आजच विचारून पाकिटावर लिहून ठेवा. आजारात नाडी वाढवून दाब टिकवणं हे बीटा रिसेप्टरांचंच काम असतं आणि तुमच्या बाबतीत ते अडवलेलं असेल. पाणी आणि मीठ-साखरेचं पाणी लवकर सुरू करा, उठताना सावकाश उठा. लोसार्टानच्या जातीच्या गोळ्या बीपीसाठी घेणाऱ्यांना डॉक्टर अशा दिवसांपुरती गोळी थांबवायला सांगू शकतात. तुमच्या वडिलांना हे माहीत आहे का, तेवढं विचारून घ्या. प्रोप्रॅनोलॉल मात्र मनाने थांबवायचं नाही, कारण पुढे सांगते.

दादाच्या ‘आधीपासून काळजी’बद्दल. त्याची भीती खोटी नाही, वडिलांना चाळिशीत बीपी लागलं असेल तर त्याला धोका जास्त आहेच. पण गोळीने तो धोका आधीच मोडता येतो का? 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रॉफी नावाच्या अभ्यासात, ज्यांचं वरचं बीपी साधारण 130 ते 139 मध्ये होतं अशांना दोन वर्षं कँडेसार्टान दिलं. ही गोळी लोसार्टानचीच बहीण. गोळी चालू असेपर्यंत बीपी लागणाऱ्यांचं प्रमाण खूप कमी राहिलं : 13.6 टक्के, आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 40.4 टक्के. मग सगळ्यांचं औषध थांबवलं. आणखी दोन वर्षांनी हे आकडे 53.2 आणि 63 टक्क्यांवर आले. फायद्याचा बराचसा भाग वाहून गेला, आणि ही माणसं तर दादापेक्षा जास्त बीपीची होती. 2016 च्या होप-3 या अभ्यासात हृदयविकार नसलेल्या पण मध्यम धोका असलेल्या सुमारे 12,700 लोकांपैकी निम्म्यांना कँडेसार्टान आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र दिलं. एकूणात हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटना कमी झाल्या नाहीत. फायदा दिसला तो ज्यांचं वरचं बीपी सुरुवातीलाच 143 च्या वर होतं त्यांना. 118/76 असलेल्या दादाला यातून मिळण्यासारखं काही नाही, गमावण्यासारखं काय होतं ते त्याने पाहिलंच. त्याने मीठ कमी करावं, वजन आणि झोप सांभाळावी, रोज चालावं आणि वर्षातून एक-दोनदा बीपी मोजावं. आणि वडिलांच्या पाकिटातल्या गोळ्या वडिलांनाच राहू द्याव्यात. अर्धी-अर्धी करून गेलेल्या गोळ्यांमुळे त्यांचे डोस चुकले नाहीत ना, हेही बघा.

हे वाचणाऱ्यांत भाषणाआधी, मुलाखतीआधी किंवा रंगमंचावर जाण्याआधी मैत्रिणीने दिलेलं प्रोप्रॅनोलॉल घेणारेही असतील. हात थरथरायचे थांबतात, धडधड थांबते, हे खरं आहे. नेम धरायच्या खेळांत ही औषधं त्याचसाठी बंदी यादीत आहेत. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल सापडल्यामुळे काढून घेतली गेली. पण दम्याचा प्रश्न तुम्हालाही तितकाच लागू आहे, म्हणून स्वतःच्या डॉक्टरांकडून ते लिहून घ्या आणि पहिल्यांदा एखाद्या रिकाम्या दिवशी घेऊन पाहा. मंचावर पहिल्यांदा नको. आणि या गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. प्रोप्रॅनोलॉल जास्त प्रमाणात पोटात गेलं तर हृदय मंदावतं, आकडी येते, जीव जाऊ शकतो.

ताई, गुण यायला वेळ लागतो. दोन-तीन महिने योग्य डोस घेतल्याशिवाय ‘उपयोग नाही’ असं ठरवू नका. किती झटके आले, किती तास टिकले, किती वेळा गोळी घ्यावी लागली हे कॅलेंडरवर लिहीत चला. डॉक्टर त्यावरूनच डोस वाढवायचा की औषध बदलायचं ते ठरवतील. आणि थांबवायची वेळ येईल तेव्हा एकदम थांबवू नका. बरेच दिवस अडवून ठेवलेल्या पेशी जास्तीचे बीटा रिसेप्टर तयार करून बसतात. गोळी अचानक बंद केली की ॲड्रिनलिनचा नेहमीचा निरोपही त्यांना मोठा ऐकू येतो, नाडी धावते, घाम फुटतो. हृदयाचा आजार असलेल्यांना तर यात हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. डॉक्टरांच्या सांगण्याने काही आठवड्यांत डोस उतरवत न्यायचा. म्हणून प्रवासाला जाताना गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा आणि पाकीट संपायच्या आठवडाभर आधी नवीन आणा.